सहा कॉम्प्युटर आणि एकच 'ॲडमिन'

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचं पत्र आलं आहे. संस्थेत सहा कॉम्प्युटर, नऊ कर्मचारी आणि पाच पिग्मी एजंट. आजवर सगळे 'ॲडमिन' या एकाच नावाने आत जायचे. लेखापरीक्षकांनी त्यावर शेरा मारला, म्हणून त्यांनी तीन गोष्टी केल्या. पासवर्ड दर ३० दिवसांनी बदलायचा, त्यात आकडा आणि चिन्ह सक्तीचं, आणि तीनदा चुकला की खातं बंद. आता चालू महिन्याचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो. ऐन बाजाराच्या दिवशी काउंटरचं खातं अर्धा-अर्धा तास बंद पडतं, आणि काउंटरवरच्या मॅडम शपथेवर सांगतात की पासवर्ड बरोबरच घातला होता. त्यातच अध्यक्षसाहेबांना सगळ्यांच्या पासवर्डची एक यादी हवी आहे. काय करावं, असं ते विचारतात.

व्यवस्थापकसाहेब, मॅडमवर विश्वास ठेवा. पासवर्ड बहुतेक बरोबरच होता, कीबोर्ड दुसऱ्या भाषेत गेलेला होता. त्याकडे येतोच, पण आधी शेऱ्याचं बघू, कारण तुम्ही तीन सेटिंग बदललीत आणि ज्यावर शेरा होता ती गोष्ट तशीच राहिली.

लेखापरीक्षकांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: ही एंट्री कुणी टाकली? सगळेच 'ॲडमिन' असतील तर त्याला उत्तर नाही, मग पासवर्ड रोज सकाळी बदला. व्हाउचरवर सही कुणाची हे तुम्ही बारकाईने बघता, लॉगिन ही एंट्रीवरची सही आहे. नऊ जणांनी मिळून एक सही करायची नसते. तेव्हा पहिलं काम माणसागणिक वेगळं खातं.

यात दोन दारं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक विन्डोजचं लॉगिन, दुसरं तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं. विन्डोजमध्ये केलेली सेटिंग सॉफ्टवेअरला लागू होत नाहीत, आणि सॉफ्टवेअरमधली विन्डोजला नाहीत. दोन्हीकडे वेगवेगळं करावं लागतं. शेऱ्याच्या दृष्टीने सॉफ्टवेअरचं दार जास्त महत्त्वाचं. तिथे ज्याच्याकडे युजर तयार करण्याचा अधिकार आहे त्याने नऊ युजर करावेत, नावं माणसांची असावीत, 'काउंटर१', 'काउंटर२' अशी नकोत. ज्याने एंट्री घातली त्यालाच ती पास करता येणार नाही असं अधिकारांमध्ये ठरवा. सॉफ्टवेअरमध्ये रोजचं कामकाज उघडणं आणि बंद करणं दोघांकडेच ठेवा. एकाकडे ठेवलंत तर तो आजारी पडला की संस्था उघडणार नाही.

विन्डोजमध्ये खातं करताना एक खाच आहे. सेटिंग्जमधून लोकल खातं केलंत तर विन्डोज तीन 'सिक्युरिटी क्वेश्चन्स' विचारतं: पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मगाव वगैरे. शहरात ठीक, पण आपल्याकडे कुणाचं गाव कुठलं आणि कुत्र्याचं नाव काय हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. ती उत्तरं देऊन कुणीही पासवर्ड नवा करू शकतो. विन्डोज प्रो असेल तर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडा, त्यात 'लोकल युजर्स अँड ग्रुप्स', त्यात 'युजर्स', आणि तिथे नवं खातं करा. तिथे हे प्रश्न येत नाहीत. होम आवृत्ती असेल तर प्रश्नांना भलतीच उत्तरं द्या. कुत्र्याचं नाव 'तगारी' चालतं, विन्डोज तपासत नाही.

ही खाती 'स्टँडर्ड युजर' असावीत, ॲडमिनिस्ट्रेटर नकोत. क्रम मात्र चुकवू नका. आधी एक नवं ॲडमिनिस्ट्रेटर खातं करा, त्यातून एकदा आत जाऊन बघा, आणि मगच जुन्या 'ॲडमिन'चे अधिकार काढा. उलटं केलं की मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटर उरतच नाही आणि साधा प्रिंटर बसवायलाही कुणी सापडत नाही.

आता आकड्यांचं. विन्डोज प्रोमध्ये स्टार्टवर 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी' शोधा, 'अकाउंट पॉलिसीज' उघडा. खाली दोन फोल्डर दिसतील. 'पासवर्ड पॉलिसी'मध्ये 'मिनिमम पासवर्ड लेंग्थ' १४ करा. 'मॅक्झिमम पासवर्ड एज' मुळात ४२ दिवस असतं, तिथे तुम्ही ३० केलं असेल, ते ० करा. शून्य म्हणजे मुदत नाही. 'पासवर्ड हिस्ट्री' ५, म्हणजे आधीचे पाच पासवर्ड पुन्हा चालणार नाहीत. 'रिव्हर्सिबल एन्क्रिप्शन' बंदच राहू द्या, ते सुरू केलं तर पासवर्ड उलगडून वाचता येतील अशा रीतीने साठतात. एक लक्षात घ्या, लांबी १४ केल्याने आधीचे आखूड पासवर्ड रद्द होत नाहीत, नियम पुढच्या बदलाच्या वेळी लागतो. म्हणून प्रत्येक युजरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'युजर मस्ट चेंज पासवर्ड ॲट नेक्स्ट लॉगऑन'वर एकदा टिक करा. टिक होत नसेल तर शेजारची 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स'ची टिक काढलेली नाही. डोमेन, म्हणजे सगळी मशीन एका सर्व्हरवरून सांभाळायची सोय, नसल्याने हे सगळं सहाही मशीनवर सहा वेळा करायचं आहे, त्याला इलाज नाही. होम आवृत्तीत ही खिडकीच नसते. तिथे कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून 'नेट अकाउंट्स' या आज्ञेने लांबी, मुदत आणि लॉकआउट (चुकांनंतरचं कुलूप) बदलता येतं.

मुदत काढा म्हटल्यावर तुमच्या भुवया उंचावल्या असतील. ठराविक मुदतीने बदल आणि चिन्हांची सक्ती या दोन्ही सवयी जगभर पसरल्या त्या मुख्यतः अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेमुळे. तिचा तो भाग लिहिणारे बिल बर यांनी २०१७ साली उघडपणे सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने सल्ला फिरवला: पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावा. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ साली आपल्या शिफारशींतून मुदतीची अट काढून टाकली. कारण तुमच्या कॅलेंडरवरच दिसतंय. दर महिन्याला नवा पासवर्ड मागितला की माणूस नवा पासवर्ड करत नाही, जुन्याचं शेपूट बदलतो. 'गणेश@०७' नंतर काय येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. २०१० साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मुदत संपलेल्या खऱ्या पासवर्डांवर हे तपासलं गेलं. जुना पासवर्ड हाती असेल तर सुमारे १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाच अंदाजांच्या आत सापडत होता.

तरीही लेखापरीक्षकांशी यावरून वाद घालू नका. शेऱ्यात मुदतीचा उल्लेख लेखी असेल तर १८० दिवस ठेवा, आणि संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव करून कारण इतिवृत्तात घाला. अनुपालन अहवालात पहिली ओळ 'प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र युजर दिला, सामायिक युजर बंद केला' ही असू द्या. बाकीचे मुद्दे त्याच्याखाली येतात. चिन्हांची अट, म्हणजे 'पासवर्ड मस्ट मीट कॉम्प्लेक्सिटी रिक्वायरमेंट्स', तीही हवी असं लेखापरीक्षक म्हणत असतील तर सुरू राहू द्या. खाली सांगितलेल्या पद्धतीने ती आपोआप पाळली जाते.

दुसरा फोल्डर 'अकाउंट लॉकआउट पॉलिसी'. तीन चुकांवर कुलूप हे एटीएमवरून घेतलेलं दिसतं. एटीएमचा पिन चारच आकडी असतो, म्हणून तिथे तीन संधी. १४ अक्षरांच्या पासवर्डला तीन संधींनी काहीच जास्तीचं संरक्षण मिळत नाही, फक्त काउंटर अडतो. 'थ्रेशहोल्ड', म्हणजे किती चुकांवर कुलूप, तो १० करा. तो आकडा घातला की विन्डोज 'ड्युरेशन' (कुलूप किती वेळ) आणि 'रिसेट काउंटर' (चुकांची मोजणी किती वेळाने पुसायची) हे बाकीचे दोन आकडे स्वतःच सुचवतं, ओके म्हणा आणि मग ते १५-१५ मिनिटं करा. 'रिसेट काउंटर'चा आकडा 'ड्युरेशन'पेक्षा मोठा ठेवता येत नाही. हिशेब करून बघा: दर १५ मिनिटांना १० प्रयत्न म्हणजे दिवसाला ९६०, वर्षाला साडेतीन लाख. चार आडव्यातिडव्या शब्दांच्या पासवर्डसमोर हे काहीच नाही. 'ॲडमिन@१२३' मात्र पहिल्या दहांतच पडतो. 'ड्युरेशन' ० करू नका. शून्य म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर येऊन उघडेपर्यंत बंद, आणि तुमचे ॲडमिनिस्ट्रेटर नेमके त्या दिवशी बेळगावात वार्षिक सभेला गेलेले असतात.

कुणी हात न लावता खातं बंद पडत असेल तर प्रकार वेगळा. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'विन्डोज लॉग्ज', त्यात 'सिक्युरिटी' उघडा. ४६२५ क्रमांकाची नोंद म्हणजे फसलेलं लॉगिन, ४७४० म्हणजे खात्याला कुलूप. ४६२५ उघडली की प्रयत्न कुठल्या मशीनवरून झाला ते बहुतेक वेळा दिसतं. दुसऱ्या मशीनवर शेअर फोल्डरसाठी जुना पासवर्ड साठवलेला असेल तर ते मशीन बिचारं दिवसभर जुन्या किल्लीने दार वाजवत बसतं. रात्री दोन वाजता अनोळखी पत्त्यांवरून शेकडो नोंदी दिसल्या तर राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दूरवरून मशीन चालवण्याचं, ३३८९ नंबरचं पोर्ट बहुधा उघडं आहे. ते त्याच दिवशी बंद करा.

आता मॅडमची शपथ. तुमच्या काउंटरवर सभासदांची पत्रं मराठीत, सरकारी खात्याला जाणारी पत्रं कन्नडमध्ये आणि सॉफ्टवेअर इंग्रजीत. म्हणजे एका कीबोर्डवर तीन भाषा. सकाळी कुणीतरी कन्नड पत्र टाइप केलं, भाषा तशीच राहिली, दुपारी पडदा लॉक झाला. पासवर्डच्या चौकटीत फक्त काळे ठिपके दिसतात, त्यामुळे आत ए पडतोय की अ पडतोय हे कळायला मार्ग नाही. मॅडम बोटांनी बरोबर तीच बटणं दाबतात, विन्डोजला मात्र भलतंच मिळतं. तीनदा असं झालं की कुलूप. गर्दीत माणूस चुकलेला पासवर्ड तस्साच पुन्हा जोरात टाइप करतो, म्हणून हे बाजाराच्या दिवशीच होतं.

उपाय तीन. लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली भाषेची खूण असते, ती इंग्रजी आहे का हे आधी बघायचं, नसेल तर विन्डोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबायचं. चौकटीच्या टोकाला डोळ्याचं चित्र असतं, पहिली चूक झाली की दुसऱ्या वेळी मागे कुणी नाही ना हे बघून ते दाबून ठेवायचं, काय पडलंय ते दिसतं. आणि तिसरं, पासवर्ड फक्त इंग्रजी लिपीतच ठेवायचा. देवनागरीत पासवर्ड ठेवण्याची हौस कुणाला असेल तर मोडा. एक तर त्या मशीनवर तो लेआउट, म्हणजे कीबोर्डची ती मांडणी, नसेल तर आत जाताच येणार नाही. शिवाय नुक्त्याचं 'ऱ' किंवा 'ड़' यांसारखं अक्षर कॉम्प्युटर दोन प्रकारे साठवू शकतो, डोळ्यांना सारखं, कॉम्प्युटरला वेगळं. सॉफ्टवेअरच्या लॉगिनपाशी नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर सुरू असेल तर तेही आधी बंद करायचं. इंग्रजीतही एक गंमत आहे. ब्रिटिश लेआउट लागला असेल तर ॲटचं चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते. आपल्याकडे निम्म्या पासवर्डांत ॲट असतोच. त्याऐवजी आडवी रेघ वापरा, ती दोन्ही लेआउटमध्ये जागच्या जागी असते.

पासवर्ड करायचा कसा? एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द, मध्ये आडवी रेघ, पहिलं अक्षर मोठं. मोठं अक्षर, लहान अक्षरं आणि चिन्ह असे तीन प्रकार झाले की विन्डोजची अट पुरी. शब्द मनाने सुचवू नका, मन नेहमी ओळखीच्याच जागी जातं. कुठलंही जाड पुस्तक घ्या, डोळे मिटून चारदा उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या. 'चिमटा-गुरुवार-फणस-वंगण' असं काहीतरी येईल. हा छापला गेला, तेव्हा हा वापरू नका. ते इंग्रजी अक्षरांत लिहिताना स्पेलिंग एकदाच ठरवा. 'भाकरी'त क नंतर ए घालायचा की नाही यावर सोमवारी एक मत आणि शुक्रवारी दुसरं असेल तर तो शब्द टाका, ज्याचं स्पेलिंग तुमच्या हातात पक्कं आहे तोच घ्या. 'फणस'मध्ये पी-एच की एफ, हाही त्यातलाच प्रश्न.

अंदाज बांधणारा माणूस जवळचा असतो, त्याला आपली यादी पाठ असते. गाडीचा केए-२२, एसटीडीचा ०८३३६, पिनकोड ५९१३०२, बेळगाव आणि बेळगावी दोन्ही स्पेलिंगांनी, कुलदैवत, मुलीचं नाव आणि जन्मसाल. यातलं काहीही नको.

पिग्मी एजंटांच्या मशीनवर चार आकडी पिन असेल तर तिथे वरचा दहाचा आकडा लावू नका. एकूण शक्यता दहा हजार, त्यातही लोक १२३४, जन्मसाल किंवा मोटारसायकलचा नंबरच ठेवतात. तिथे पाच चुकांवर कुलूप आणि ते फक्त कार्यालयातूनच उघडायचं. एजंट संध्याकाळी भरणा करायला येतोच, तेव्हा उघडून द्या.

संस्थेच्या ईमेलचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण बाकीच्या बऱ्याच सेवांचे पासवर्ड त्यातूनच नवे करता येतात. त्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे ते आजच बघा. मागच्या सचिवांचा निघाला तर आश्चर्य वाटायला नको. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते, आणि तुमचा ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतो. जीमेल असेल तर सिक्युरिटीमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करा आणि एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनवरच कोड तयार करणारं ॲप, जोडा. त्याला रेंज लागत नाही. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात एसएमएसची वाट बघत बसणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको. ॲपचे सहा आकडे दर ३० सेकंदांनी बदलतात आणि ते घड्याळावर चालतात. तुमच्या सर्व्हरवर ही पद्धत लावलीत आणि अचानक सगळ्यांचेच आकडे चुकीचे ठरू लागले तर सर्व्हरची तारीख-वेळ बघा. लाइट गेल्यावर घड्याळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली आहे. गुगल आठ आकडी दहा बॅकअप कोडही देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून तिजोरीत ठेवा.

सॉफ्टवेअरवाले रिमोटने मशीनवर येत असतील तर त्या ॲपमध्ये 'अनअटेंडेड ॲक्सेस'चा, म्हणजे समोर कुणी नसतानाही आत येण्याचा, कायमचा पासवर्ड दिलेला आहे का बघा आणि काढून टाका. काम असेल तेव्हा फोन करतील, तुम्ही 'ॲक्सेप्ट' दाबाल, समोर बसून बघाल. आणि एक चाचणी करा: पासवर्ड विसरलो म्हणून त्यांना सांगा. त्यांनी नवा करून दिला तर ठीक. जुनाच वाचून दाखवला तर तुमचे सगळ्यांचे पासवर्ड त्यांच्याकडे उघडे लिहिलेले आहेत.

कर्मचारी सोडून गेला तर त्याचा युजर त्याच दिवशी 'डिसेबल' करा, 'डिलीट' करू नका. जुन्या एंट्र्यांवर त्याचं नाव राहायला हवं. सुट्टीवर गेलेल्याच्या युजरवर बदलीच्या माणसाने काम करायचं, ही पद्धतही तिथेच थांबते. जेवायला उठताना विन्डोजचं बटण आणि एल दाबायचं. ते कुणी दाबणार नाही हे गृहीत धरून 'लोकल पॉलिसीज'मधल्या 'सिक्युरिटी ऑप्शन्स'मध्ये 'मशीन इनॅक्टिव्हिटी लिमिट' ३०० करा. आकडा सेकंदांचा असतो, म्हणजे पाच मिनिटं.

राहिले अध्यक्षसाहेब. यादी देऊ नका, आणि ती न देणं त्यांच्याच फायद्याचं आहे हे त्यांना सांगा: ज्याच्याकडे सगळ्यांचे पासवर्ड, त्याच्यावर सगळ्यांच्या एंट्र्यांचा संशय. कर्मचारीही मग खुशाल म्हणेल की ती एंट्री माझी नाही, पासवर्ड अध्यक्षांकडेही होता. त्यांना सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या नावाचा, फक्त बघण्याचे अधिकार असलेला युजर करून द्या. ताळेबंद, थकबाकी, रोजकीर्द, काय हवं ते घरबसल्या बघतील. 'एखादा कर्मचारी अचानक गेला तर?' असं ते विचारतील. त्याच्या पासवर्डची गरजच पडत नाही, ॲडमिनिस्ट्रेटर नवा घालून देतो. ॲडमिनिस्ट्रेटरचाच पासवर्ड हरवला तर मात्र अडचण आहे, म्हणून तो तेवढा कागदावर हाताने लिहा, जाड लिफाफ्यात घाला, चिकटवलेल्या कडेवर तुमची आणि अध्यक्षांची आडवी सही आणि तारीख घ्या आणि तिजोरीत ठेवा. लिफाफा फोडला की रजिस्टरला नोंद, पासवर्ड नवा, लिफाफा नवा. कॅलेंडरचं ते पान मात्र आजच फाडा. आणि त्यावरचा पासवर्डही आजच बदला, पान फाडल्याने तो लोकांच्या लक्षातून जात नाही.